अकराव्या मिनिटाला बंद पडणारी पेटी

समुद्रकाठच्या बुदाई गावाच्या आसपासच्या मत्स्यतळ्यांत हवा खेळवणाऱ्या ज्या चक्क्या अष्टौप्रहर फिरत असतात, त्यांतल्या निम्म्या तरी वेंग आ-ग्वानच्या हाताखालून गेलेल्या आहेत. खारं पाणी मोटारीत शिरलं, बेअरिंग झिजलं, वायंडिंग जळलं, की लोक ती मोटार स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवतात आणि त्याच्या पत्र्याच्या शेडवर आणून टाकतात. दोन तासांत तो ती फिरती करून देतो. पस्तीस वर्षं त्याचं हेच चाललंय. अशा माणसाच्या स्वतःच्या पेटीतला तळहाताएवढा पंखा त्याला दाद देईना, ही गोष्ट गावाला किती गोड लागली असेल ते सांगायला नको.

पेटी म्हणजे बेस गिटारचा अँप्लिफायर. आ-ग्वान सैन्यातल्या सक्तीच्या दोन वर्षांत बेस वाजवायला शिकला, आणि परत आल्यापासून लग्नाच्या, गृहप्रवेशाच्या, देवळाच्या मेजवान्यांत वाजवत आला. रस्त्यावर मांडव घालायचा, खाली गोल टेबलं, बाजूला आचाऱ्याच्या चुली आणि एका टोकाला उघड्या ट्रकवर तीन-चार माणसांचा बँड, अशी ही मेजवानी. अँप्लिफायर त्याने काओश्युंग शहरातला एक नाचाचा हॉल बंद पडला तेव्हा उचलून आणला, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. वजन एवढं की उचलताना कंबर आधी सांगून ठेवावी लागते. पण आवाज असा दणकट की लोक ऐकायच्या आधी त्यांच्या खुर्च्यांना कळतो. त्याच्या पाठीला एक पंखा आहे. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि आतल्या तापणाऱ्या भागांवर सोडतो. आणि पेटी फारच तापली तर जळून जाण्याआधी ती स्वतःच आवाज बंद करते, अशी सोय बनवणाऱ्यांनी करून ठेवलेली. शहाणी सोय आहे. त्या सोयीला आ-ग्वानने नंतर दोन महिने शिव्या घातल्या.

हे सगळं सुरू झालं एका हिरव्या पिशवीवरून, असं बँडचं ठाम मत होतं. बँडचा मालक त्सेंग तुंग, वय पंचेचाळीस, कीबोर्ड वाजवतो. त्याच्या आवाजाच्या मिक्सरवर कायम एक ठरलेली हिरवी पिशवी असते. नारळाच्या चवीचा मक्याचा खाऊ, ज्याच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा. ती जवळ ठेवली की मशीनही शहाण्यासारखं वागतं, बिघडत नाही, असा सगळ्यांचा विश्वास. बँकेतल्या मशिनीवर ती असते, टोलनाक्यावर असते, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीमागेसुद्धा असते. पिशवी हिरवीच हवी, पिवळी किंवा लाल चालत नाही. तारीख उलटलेली नको. आणि कामावर असलेली पिशवी खायची नाही, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. आ-ग्वानने ती खाल्ली. ऑगस्टाच्या अखेरीस एका गृहप्रवेशाला जेवण यायला उशीर झाला, त्याला भूक लागली होती, आणि मशीन विजेवर चालतं, मक्यावर नाही, हे त्याला तुंगला एकदा दाखवून द्यायचं होतं. सगळ्यांच्या देखत पिशवी फोडून त्याने ती शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली आणि वर बोटं चाटली.

त्याच दुपारी, चौथ्या गाण्यात, त्याची पेटी बंद पडली.

गायिका खो खो हसली. तुंग हसला नाही, ते जास्त लागलं. आ-ग्वानने घरी आणून पेटी उघडली तर पंख्याचं बेअरिंग कोरडं ठाक पडलेलं, पातं हाताने ढकललं तरी कण्हत फिरत होतं. सत्तावीस वर्षांच्या पंख्याचं दुसरं काय होणार? त्यात मक्याचा काय संबंध? त्याने नवा पंखा बसवला, आतली धूळ काढली, शेडमध्ये पेटी पूर्ण आवाजावर तीन तास वाजवली. शेजारच्या म्हातारीने येऊन विचारलं की भूकंप आहे का. पेटी हूं की चूं न करता चालली. आ-ग्वानने हात पुसले आणि बायकोला सांगितलं की झालं काम.

पुढच्या मेजवानीत ती विसाव्या मिनिटाला बंद पडली.

आता इथे माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार! घरी तीन तास आणि ट्रकवर वीस मिनिटं. त्याने पुन्हा उघडली, पुन्हा तपासली, पुन्हा तीन तास चालवली. पेटी शहाण्या मुलीसारखी चालली. मेजवानीत पुन्हा विसाव्या मिनिटाला आवाज गेला. मग त्याला वाटलं की मांडवाच्या जनरेटरची वीज खाली-वर होत असेल. त्याने मीटर नेला आणि गाणं वाजवता वाजवता एक डोळा त्याच्या काट्यावर ठेवला. काटा जागचा हलला नाही, पेटी मात्र गेली. मग त्याला वाटलं की दुपारच्या उन्हात ताडपत्रीखाली फार उकाडा होतो. त्याने शेडमधली पेटी भर उन्हात पत्र्यावर चढवून चालवली, स्वतः भाजून निघाला, पेटीला काही झालं नाही. मेजवानीत समोरून टेबलफॅन लावला. गायिकेचे केस उडाले, तेवढाच फरक पडला.

शेवटी त्याने एका तळ्याच्या विजेच्या पेटाऱ्यातला जुना पंखा काढला. एवढासा, पण असला ताकदवान की समोर कागद धरला तर हातातून ओढून घेईल. तो त्याने मागच्या जाळीत बसवला आणि मनाशी म्हणाला, आता बघतोच. त्या मेजवानीत पेटी अकराव्या मिनिटाला बंद पडली. पंखा दुप्पट ताकदीचा आणि वेळ निम्म्यावर. हे कुठल्या पुस्तकात बसतं? आ-ग्वानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीला लाथ मारावी असं त्याला वाटलं आणि त्याने मारलीही, पण ती पेटी त्याच्यापेक्षा मजबूत होती. पुढचे चार दिवस तो शेडमध्ये लंगडत फिरला.

गावातल्या तळ्यावाल्यांना हे कळायला वेळ लागला नाही. मोटार घेऊन येणारा प्रत्येकजण जाता जाता विचारायचा की पेटी कशी आहे, जशी काही कुणाची सासू दवाखान्यात असावी.

त्याची बायको बी-श्या याच मेजवान्यांत आचाऱ्याच्या हाताखाली वाढायचं काम करते. दहा बायकांच्या गटात सगळ्यात झपझप चालणारी तीच. दोन्ही हातांत रश्श्याची भांडी घेऊन ती टेबलांमधून अशी निघते की पाव्हणे खुर्च्या आपणहून आत ओढतात. जिभेनेही तशीच. तिने तीस वर्षांत नवऱ्याच्या वाजवण्याचं कौतुक केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती त्याला म्हणाली, “म्हाताऱ्या, ते भंगार विकून टाक. नाहीतर तळ्यात सोड, मासे नाचतील तरी.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला एवढं कळतं की तू त्या माणसाची पिशवी खाल्लीस. मशीनची माफी मागायची सोडून तिचं पोट फाडत बसलायस.”

“मशीनला कान असतात का?”

“तुला आहेत, पण उपयोग काय त्यांचा?” असं म्हणून ती भाजी धुवायला उठली.

खरा घाव पुढे बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुंग शेडवर आला. त्याने सोबत सुपारीचं पाकीट आणलं होतं, आणि तुंग सुपारी घेऊन आला की बातमी वाईट असते. गेल्या वर्षी ड्रमवाल्याला काढायच्या आधीही तो त्याच्याकडे सुपारी घेऊनच गेला होता. आता ड्रम कीबोर्डच्या एका बटणातून वाजतात आणि ड्रमवाला शिंपल्यांची वाहतूक करतो. तुंगने आधी मोटारींची चौकशी केली, हवेवर बोलला, मग मान खाली घालून म्हणाला, “ग्वानदादा, तुम्ही मला भावासारखे. पण रविवारी देवळाच्या अध्यक्षांच्या नातीचं लग्न आहे. साठ टेबलं. त्या दिवशी बंद पडली तर मी बेस कीबोर्डवरच डाव्या हाताने वाजवीन. आणि मग पुढेही डाव्या हातानेच.”

आ-ग्वानने विचारलं की चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाची जागा हा डावा हात घेणार का.

“डावा हात तापत नाही, दादा,” तुंग म्हणाला. हे त्याने चिडवायला म्हटलं नव्हतं.

रविवारपर्यंतचे पाच दिवस त्याने मोटारी बाजूला सारल्या. लोक ओरडले, त्याने ऐकून घेतलं. पेटीतला एकूण एक जोड त्याने पुन्हा डाग देऊन पक्का केला. पंख्याच्या जाळीची प्रत्येक फट दात घासायच्या ब्रशने साफ केली. पेटी पाच तास चालवली आणि दर दहा मिनिटांनी वर हात ठेवून पाहिला. कोमट, बस. रात्री त्याला झोप लागेना. माणूस आजारी पडतो तेव्हा डॉक्टरकडे गेल्यावरच बरा वाटतो आणि घरी येऊन पुन्हा कण्हतो, ते एकवेळ समजू शकतं. पण लोखंडी पेटीने असं का वागावं? तिला लोकांसमोर त्याचं नाक कापण्यात काय मिळत होतं? एकसष्टाव्या वर्षी आपण एका पंख्यापुढे हात टेकले, ही गोष्ट त्याला गिळवत नव्हती, आणि ज्याच्याशी बोलून मन मोकळं करावं असा एकच माणूस घरात होता, तो घोरत होता.

रविवारी अकरा वाजता मांडव भरला. ट्रकच्या मागच्या कडेला ताडपत्री सोडलेली होती. तिला टेकून आ-ग्वानने पेटी ठेवली, कारण तिथेच जागा होती आणि सत्तावीस वर्षं ती तिथेच असायची. अध्यक्ष लाल टाय लावून टेबलाटेबलाने फिरत होते. थंड पदार्थांची थाळी आली, गायिकेने पहिलं गाणं उचललं आणि आ-ग्वानने तार छेडली. आवाज निघाला तसा त्याच्या जिवात जीव आला. पाच मिनिटं झाली. आठ झाली. दहाव्या मिनिटाला त्याला वाटलं की आज जमलं. वधूच्या आईने बँडकडे बघून मान डोलावली.

अकराव्या मिनिटाला त्याच्या बोटांखालचा आवाज नाहीसा झाला.

तार हलत होती, बोटं चालत होती, आणि काहीही ऐकू येत नव्हतं. त्याने तुंगकडे पाहिलं. तुंगने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर कधीच पोचला होता, आणि बेस सुरू होता, ताल न चुकता, बिनचूक. गाणं कुठेही अडखळलं नाही. साठ टेबलांवर सहाशे माणसं होती. त्यांतल्या एकाचीही चॉपस्टिक थांबली नाही. कुणी मान वर केली नाही. आ-ग्वान तिथे गिटार गळ्यात अडकवून उभा होता आणि त्याच्या असण्या-नसण्याने लाल खेकड्याच्या भाताच्या वाफेलासुद्धा फरक पडत नव्हता. एवढा अपमान त्याचा जन्मात झाला नव्हता, आणि तोही कुणी न करता.

एरवी पेटी बंद पडली की तो आधी समोरचं बटण बंद करायचा. वीज तोडल्याशिवाय यंत्रात हात घालायचा नाही ही त्याची पस्तीस वर्षांची सवय. मग ती गार व्हायची वाट बघत तो तिथेच उभा राहायचा, कारण बँड सोडून ट्रकवरून उतरणं वाईट दिसतं. आज तो कुणाला हवा होता? त्याने गिटार काढून खाली ठेवली, बटणाला हात न लावता शिडीवरून उतरला आणि ट्रकला वळसा घालून ताडपत्रीच्या मागे गेला. लाथच मारायची होती तर यावेळी मागून, पंख्यावर मारायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

ताडपत्री बाजूला केली आणि तो थबकला. पंखा पूर्ण जोरात फिरत होता, रडल्यासारखा आवाज करत होता, आणि त्याच्या जाळीवर एक हिरवी पिशवी चिकटून बसली होती. वायर गुंडाळायच्या आकड्याला लाल दोऱ्याने बांधलेली. पंख्याने ती अशी ओढून घेतली होती की आतला मक्याचा एक एक दाणा बाहेरून मोजता यावा. हवा आत जायला केसाएवढी फट नव्हती.

त्याने पिशवी ओढून काढली. फट् असा आवाज झाला आणि पंखा मोकळा श्वास घेतल्यासारखा फिरू लागला. आ-ग्वान यंत्राचा माणूस होता, त्याला दोन महिन्यांचा हिशोब एका क्षणात लागला. साधा पंखा होता तोवर पिशवी जेमतेम चिकटत होती, म्हणून वीस मिनिटं. ताकदवान बसवला तशी ती घट्ट बसली, म्हणून अकरा. बटण बंद केलं की पिशवी सुटून लोंबकळत होती, आणि मेजवानी संपेपर्यंत कुणीतरी ती काढूनही नेत होतं. घरी शेडमध्ये पिशवी नव्हती, म्हणून तीन तास. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तुंग? गायिका? कुणी केली ही चेष्टा? ज्याने केली त्याला तळ्यात बुडवायचं असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात चुलींच्या बाजूने बी-श्या धावत आली. तिच्या एप्रनवर रस्सा सांडलेला होता आणि हातात दुसरी हिरवी पिशवी होती, आधीच्यापेक्षा मोठी. त्याला बघून ती जागच्या जागी थांबली. मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली आणि चेहरा उतरला.

“फेकू नकोस,” ती म्हणाली. “एकदा खाल्लीस तेवढं पुरे.”

“ही तू लावलीस?”

“मग कोण लावणार? तू मागणार होतास माफी?” तिला धाप लागली होती. “दर वेळेला लावते. तारीख बघून. तू बघशील आणि चिडशील म्हणून मागे लावते, आवरायच्या आधी काढून नेते. तरी ते मेलं ऐकत नाही. आज म्हणून मोठी आणलीये.”

आ-ग्वानने तोंड उघडलं. हवा कुठून आत जाते, जाळी कशासाठी असते, दोन महिने आपण रात्री का जागलो, सगळं त्याच्या जिभेवर आलं. पण त्याआधी एक प्रश्न बाहेर पडला.

“बंद पडली हे तुला कसं कळलं? तिथे सहाशे माणसं बसलीयेत. कुणालाही कळलं नाही.”

“रस्सा हलायचा थांबला,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझं वाजत असलं की भांड्यात रस्सा थरथरतो. बारीक. माझ्या हाताला लागतं ते. त्या कीबोर्डवाल्या पोराचा बेस कानाला लागतो, पण रश्श्याला लागत नाही. थांबला तशी मी भांडं ठेवलं आणि आले.” मग आपण फार बोललो असं वाटून ती खेकसली, “असा काय बघतोस? सतरा नंबरच्या टेबलावर रस्सा गेला नाहीये अजून.”

ज्याला तळ्यात बुडवायचं होतं तो माणूस समोर ओल्या कपड्यांत उभा होता. आ-ग्वानने हात पुढे केला आणि तिच्याकडची मोठी पिशवीही घेतली.

“मागे नको,” तो म्हणाला. “वर ठेवतो. समोर, सगळ्यांना दिसेल अशी.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत.”

तो ट्रकवर चढला. दोन्ही पिशव्या पेटीच्या माथ्यावर, पुढच्या कडेला, बिल्ला लावल्यासारख्या उभ्या केल्या. गायिकेचा एक शब्द गाण्यात गिळला गेला. पुढच्या टेबलावरच्या दोन तळ्यावाल्यांनी एकमेकांना कोपर मारलं आणि एकाने फोन काढून फोटो घेतला. आ-ग्वानचे कान लाल झाले, पण तो खाली बघून गिटार गळ्यात अडकवत राहिला. पाच मिनिटांत पेटी गार झाली आणि आवाज परत आला. तुंगने एकदा पिशव्यांकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डावा हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवला. त्यानंतर दोन तास, शेवटची फळांची थाळी येईपर्यंत, पेटी चालली. आ-ग्वानने त्या दोन तासांत टेबलांकडे पाहिलं नाही. बी-श्या भांडी घेऊन जाताना दिसली की तो तेवढा तिच्या हाताकडे बघायचा.

आवरताना तुंग म्हणाला की पुढच्या महिन्यात तीन मेजवान्या आहेत, तारखा लिहून घ्या. मग हसून म्हणाला, “तुम्हाला ऑगस्टातच सांगितलं होतं, दादा. मशीनपुढे नाक वर करून चालत नाही.” आ-ग्वानच्या ओठावर उत्तर तयार होतं, सगळ्या आकड्यांसकट. दोन पावलांवर बी-श्या टेबलावरचा लाल कागद गुंडाळत होती. त्याने ‘बरोबर आहे’ म्हटलं आणि पेटी उचलायला वाकला.

घरी जाताना ती गाडीत त्याच्या शेजारी बसली, मांडीवर उरलेल्या भाताची पिशवी घेऊन, आणि सगळा रस्ता त्याला शिकवत राहिली. एवढा मोटारींचा डॉक्टर म्हणवतोस, आणि एवढी साधी गोष्ट कळायला दोन महिने लागले. चूक तिचीही झाली, हे तिने मोठ्या मनाने कबूल केलं. लपवून ठेवलेली माफी कुठे माफी असते का? ती समोरच मागायला लागते, तेव्हा मशीन ऐकतं. तळ्यांवरच्या चक्क्या दोन्ही बाजूंना पाणी उडवत होत्या. आ-ग्वानच्या घशात तो पंखा, ती जाळी आणि ते वीस आणि अकरा मिनिटांचं गणित असं अडकून बसलं होतं की त्याला गाडी थांबवून तळ्याकडे तोंड करून एकदा मोठ्याने ओरडून टाकावंसं वाटत होतं.

“कळलं का?” तिने विचारलं.

“कळलं,” तो म्हणाला.

आता तळ्यावाले मोटार घेऊन आले की शेडच्या दारातच दात काढत विचारतात, ग्वानदादा, हिच्यावर पण हिरवी ठेवायची का? आ-ग्वान मान वर करत नाही. त्याला राग येतो, अजून येतो, रोज येतो. पाना फिरवता फिरवता तो एवढंच म्हणतो, “ठेव. पण वर ठेव, मागे नको.” आणि आत भाजी निवडणारी बी-श्या प्रत्येकाला सांगते की हे त्याला तिनेच शिकवलंय.